आखाजीला बाळ घेऊन निघताना

आखाजी जवळ आली की खानदेशात घरोघरी एकच बोलणे सुरू होते. मूळ कधी येणार? सासरी नांदणारी लेक वाटेकडे डोळे लावून बसते. माहेरी आई सांजोऱ्यांचा रवा चाळून ठेवते. मग एक दिवस भाऊ नाहीतर बाप मुऱ्हाळी होऊन दारात उभा राहतो आणि लेक माहेरी निघते.

अक्षय तृतीयेला आपण आखाजी म्हणतो. या सणाचा मान आपल्याकडे मोठा. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचे, पितरांना घास द्यायचा. सालदाराचे नवे सालही इथूनच धरतात. पण लेकींना त्यातले काय आठवते? निंबाच्या झाडाला बांधलेला झोका आणि गौराईची गाणी.

बहिणाबाई चौधरी आपल्याच मुलखातल्या. जन्म १८८० चा. माहेर आसोदे, सासर जळगाव. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांना गाणी सुचत. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती जपली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. माहेरच्या वाटेवर त्यांनी फार मायेने गाणी केली आहेत. आसोद्याची ती वाट थोड्या कोसांची. पायी जाता येण्याजोगी.

आता लेकी लांब दिल्या जातात. शिंदखेड्याची लेक यावलला, चाळीसगावची शहाद्याला. एका दिवसात दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतात. आणि आखाजी येते कधी? ऐन वैशाखात. जळगाव-भुसावळकडे त्या दिवसांत पारा ४२, ४३, कधी ४५ डिग्रीपर्यंत चढतो. लग्नसराई चालू असते. गाडीत पाय ठेवायला जागा नसते. अशा दिवसांत लेकुरवाळी बाई तान्हे मूल घेऊन निघते. या प्रवासाची तयारी कशी करायची, ते या धड्यात पाहू.

लहान अंगाला ऊन लवकर लागते

चुलीवर दोन भांडी ठेवा. एक लहान तपेली, एक मोठे पातेले. आधी काय तापेल? तपेली. बाळाचे तसेच आहे. त्याचे अंग लहान. ते चटकन तापते आणि अंगातले पाणीही चटकन आटते. मोठ्या माणसाला घाम येऊन अंग निवते. बाळाला तसा पुरेसा घाम येत नाही. आणि तहान लागली हे त्याला सांगताही येत नाही. ते रडते. आपण म्हणतो, गर्दीला कंटाळले असेल.

त्यातून आपण त्याला काय घालतो? कुंची, टोपरे, वर झबले, त्यावर दुपटे. दृष्ट लागू नये म्हणून, वारा लागू नये म्हणून. थंडीत हे ठीक आहे. वैशाखात ते बाळाला गोधडीत गुंडाळल्यासारखे होते. जुन्या मऊ धोतराचे सैल झबले पुरे. उन्हात जायचे तेवढ्यापुरता डोक्यावर पातळ सुती कपडा धरावा. सावलीत आले की काढावा. तोंडावर पदर घट्ट ओढून घेऊ नये. आत हवा कोंडते.

खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ठेवावा. त्याने काही बिघडत नाही. पण कांदा ठेवला म्हणून पाणी विसरू नये.

बाळाला पाणी पाजायचे की नाही?

इथे घरोघर वाद होतो. गाडीत बाळ रडू लागले की शेजारची म्हातारी म्हणते, "पोरले पाणी पाज व माय, घसा सुकना व्हई." म्हातारीचे बोलणे मायेचे असते. पण बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल आणि आईचे दूध पीत असेल, तर त्याला पाणी लागत नाही. कडक उन्हाळ्यातसुद्धा नाही.

असे का? आईच्या दुधात शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असते. तेही स्वच्छ आणि शरीराला मानवेल असे. बाळाचे पोट मुठीएवढे. त्यात वरचे पाणी गेले की दुधाला जागा उरत नाही. ते पाणी स्टँडवरच्या टाकीतले असले तर जुलाब लागतात. उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला जुलाब लागणे म्हणजे फार वाईट. अंगातले उरलेसुरले पाणीही निघून जाते.

म्हणून बाळाला तहान लागली की छातीशी घ्यावे. उन्हाळ्यात ते एरवीपेक्षा जास्त वेळा मागते. दर वेळी थोडेथोडे पिते. मागेल तेव्हा द्यावे. घड्याळ बघू नये.

बाळाचे पाणी असे आईच्या अंगातून जाते. मग आईला पाणी कोण देते?

तहानलेली आई

एस.टी.त बसलेल्या बायकांकडे जरा लक्ष देऊन बघा. पुष्कळ बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून कमी पितात. का, हे त्या चारचौघांत बोलत नाहीत. गाडी मध्ये थांबत नाही. थांबली तर बायकांना जायला जागा नसते, किंवा असली तर आत पाय ठेववत नाही. पुरुष रस्त्याच्या कडेला जातो. बाई कुठे जाणार? म्हणून ती तोंड बांधून बसते. धुळे ते जळगाव सुमारे ९० किलोमीटर. तेवढा वेळ ती कोरड्या घशाने काढते आणि कडेवरच्या बाळाला मात्र पाजत राहते.

याचा परिणाम काय होतो? डोके दुखते, घेरी येते, लघवीला जळजळ होते. ऊन लागले तर आईच आडवी होते. थकलेल्या, गळालेल्या बाईला बाळाला नीट पाजवतही नाही. हा दोष तिचा नाही. पण तिच्याबरोबर निघालेल्या माणसाने हे ओळखले पाहिजे. मुऱ्हाळी म्हणजे नुसती पिशवी उचलणारा माणूस नव्हे. स्टँड आले की त्याने आधी दोन कामे करावी. भरलेली बाटली बहिणीच्या हातात द्यावी. मग बाळ आपल्याकडे घ्यावे आणि म्हणावे, "ताई, तू जाऊन ये. गाडी निघत नाही, मी कंडक्टरला सांगितले आहे." एवढे तोंडातून निघाले की बाई निर्धास्त होते. भाऊ असो, दीर असो, नवरा असो, हे बोलायला कुणालाच लाज वाटू नये.

आईने निघण्यापूर्वी तांब्याभर पाणी प्यावे. वाटेत दर तासा-अर्ध्या तासाने चार घोट घ्यावे. ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-सरबत हे सगळे चांगले. ते घरून न्यावे. बर्फाचा गोळा आणि उघड्यावर कापून ठेवलेले टरबूज मात्र घेऊ नये. त्यावर किती माश्या बसून गेल्या, कोण मोजतो? जुन्या काळी मोटारीला पाण्याची छागळ टांगलेली असे. आता प्लॅस्टिकची बाटली असते. तिच्याभोवती ओले फडके गुंडाळले की पाणी बराच वेळ गार राहते. खायला दशम्या आणि चटणी. दशमी दुधात भिजवलेली असते. दिवसभर मऊ राहते.

गाडी कोणती धरायची?

समजा, लेक शिंदखेडा तालुक्यात दिली आहे आणि माहेर यावल तालुक्यात आहे. बाळ चार महिन्यांचे. धाकटा भाऊ न्यायला आला आहे.

एक वाट अशी. गावाहून शिंदखेडा, तिथून धुळे, मग पारोळा, एरंडोल करीत जळगाव आणि पुढे तापी ओलांडून यावल. सकाळी नऊला जेवणखाण उरकून निघाले तर धुळ्याच्या स्टँडवर बारा वाजतात. जळगावला पोहोचेपर्यंत तीन. म्हणजे दिवसातले सगळ्यात वाईट ऊन वाटेवरच. तेच पहाटेची पहिली गाडी धरली तर जळगाव अकराच्या आत गाठता येते. सासूबाईंना वाटते, लेकीला नुसत्या चहावर कसे पाठवायचे? पाठवावे. दशम्या बरोबर द्याव्या. मायेने केलेला उशीर बाळाच्या अंगावर येतो.

दुसरी वाट रेल्वेची. सुरतेहून जळगाव-भुसावळकडे येणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणे, अमळनेर, धरणगाव असा येतो. शिंदखेड्याला बसले की थेट भुसावळपर्यंत येता येते. तिथून यावल जवळ. मध्ये गाडी बदलणे नाही. आणि मुख्य म्हणजे डब्यात संडास असतो. लेकुरवाळ्या बाईला ही फार मोठी सोय आहे. माझे मत विचाराल तर जिथे रेल्वे आहे तिथे बाळ घेऊन रेल्वेनेच जावे, मग स्टेशनावर तासभर बसावे लागले तरी चालेल. धुळे-चाळीसगावकडच्या लोकांनाही १९०० सालापासून रेल्वे आहे. पॅसेंजरची वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून घ्यावी. वेळा बदलतात.

एस.टी.ने जायचे तर खिडकीचा विचार करावा. सकाळी धुळ्याहून चाळीसगावला जाताना ऊन डाव्या बाजूने येते. तेव्हा उजवीकडे बसावे. उलट येताना डावीकडे. खिडकीतून येणारा वारा दुपारी भट्टीच्या वाफेसारखा असतो. बाळाचे तोंड खिडकीकडे करू नये. खिडकीला ओला पंचा अडकवला तर झळ कमी होते. त्याला फारसा खर्च नाही.

पैशाचेही सांगतो. एस.टी.त २०२३ च्या मार्च महिन्यापासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत वेगळी जागा घेतली नाही तर तिकीट पडत नाही. वाचलेल्या पैशातून शक्य असेल तिथे आधी जागा राखून ठेवावी. उभ्याने बाळाला पाजता येत नाही.

पाजायला आडोसा हवा. पुष्कळ मोठ्या स्टँडवर आता एक वेगळी खोली असते. दारावर लिहिलेले असते, हिरकणी कक्ष. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा पाटी शोधा. रायगडावरच्या हिरकणी गवळणीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ भुकेले होते. ती अंधारात कडा उतरून खाली गेली, असे सांगतात. तिचेच नाव या खोलीला दिले आहे. खोलीला कुलूप दिसले तर परत फिरू नका. चौकशीच्या खिडकीवर जाऊन किल्ली मागा. ती खोली तुमच्याचसाठी बांधली आहे.

तिसरी वाट फटफटीची. आजकाल ती सगळ्यांना सोपी वाटते. नवरा पुढे, बायको मागे, दोघांच्या मध्ये बाळ. दुपारच्या उन्हात ही सगळ्यात वाईट वाट. गरम वारा सरळ अंगावर येतो आणि अंगातले पाणी ओढून नेतो. पडण्याची भीती वेगळीच. चार वर्षांच्या आतल्या मुलाला फटफटीवर न्यायचे तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हा नियम २०२२ साली केला आहे. पण तान्ह्या बाळाला फटफटीवर न्यायचेच कशाला? पाच-सहा किलोमीटर असेल तर एखादी रिक्षा करावी.

सहा महिन्यांपुढचे बाळ

सहा महिने झाले की बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचे खाणे सुरू होते. मग त्याला पाणीही द्यावे लागते. उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे. वाटी-चमच्याने पाजावे. दुधाची बाटली आणि तिचे रबरी बोंड प्रवासात नीट धुता येत नाही. तिच्यात जंतू वाढतात. वाटी दोन मिनिटांत धुता येते.

खायला काय न्यावे? आपल्याकडे याचे उत्तर शेतातच आहे. केळे. रावेर-यावलची केळी साऱ्या देशात जातात. केळ्याला देवाने साल देऊन ठेवली आहे. आत माशी जात नाही, धूळ जात नाही. हात धुवावे, साल काढावी, चमच्याने कुस्करावे आणि लगेच भरवावे. उरलेले आईने खावे. सकाळी केलेली पातळ खिचडी दुपारी भरवू नये. या उन्हात ती आंबते.

मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. आणि आणखी एक गोष्ट. पूर्वी मूल गप्प झोपावे म्हणून अफू घातलेली बाळगोळी देत. ती गेली, पण तिची बहीण आली. काही जण प्रवासात बाळाने रडू नये म्हणून सर्दीचे झोप आणणारे औषध पाजतात. असे कधीही करू नये. गुंगीतले बाळ दूध मागत नाही. त्याचे अंग वाळत जाते आणि आपल्याला वाटते, किती शहाणे आहे, रडतसुद्धा नाही.

केव्हा घाबरावे?

लंगोट मोजा. हा सोपा हिशोब आहे. नीट दूध पिणारे बाळ दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा ओले करते. सकाळी सहाला निघालो, दुपारचे बारा वाजले आणि लंगोट कोरडाच आहे, तर गाडीतून उतरून सावलीत बसावे आणि बाळाला पाजावे. जळगाव एक तास उशिरा आले तरी चालेल.

टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, तोंड कोरडे पडले, बाळ मलूल झाले आणि दूध ओढेना, तर वाट बघू नये. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. अंग चटका बसेल असे तापले असेल तर सावलीत न्यावे, कपडे काढावे, साध्या पाण्याच्या फडक्याने सगळे अंग पुसावे आणि वारा घालावा. बर्फ लावू नये. बाळ शुद्धीवर असेल तर पाजावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नये. १०८ नंबरला फोन करावा. गाडी फुकट येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी डॉक्टरकडे न्यावे, मग ताप उन्हाचा वाटो की कशाचा.

जुलाब लागले तर पिशवीत एक पाकीट हवेच. त्यावर ओ.आर.एस. असे लिहिलेले असते. आशाताईंकडे ते मिळते. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो माणसे बंगालात आली. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात कालवले आणि नातेवाइकांच्याच हाताने रोग्यांना पाजले. आधी शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती. तो आकडा चारच्या आत आला. तेच औषध आज या पाकिटात आहे.

पाकिटावर किती पाणी घालायचे ते छापलेले असते. ते वाचा. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. निम्मे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर ते फार खारट होते आणि बाळाला अपाय करते. त्यासारखेच नाव घेतलेली गोड सरबतेही दुकानात असतात. ती जुलाबावर चालत नाहीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये. चमच्याचमच्याने पाजावे. आईचे दूध बंद करू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर दवाखान्यात दाखवावेच.

माहेरी पोहोचल्यावर

दारात भाकरतुकडा ओवाळला जातो. गल्लीतल्या बाया बाळाला बघायला जमतात. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात बाळ फिरू लागते. इथे आईच्या आईने थोडे कठोर व्हावे. आधी लेकीला पाणी द्यावे, सावलीत बसवावे, बाळाला पाजू द्यावे. शेजारणी संध्याकाळी येतील. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने लांबूनच बघावे. बाळाचा पापा घेऊ नये.

पिशवीतून बाळाचे लसीचे कार्ड काढून फळीवर ठेवावे. जन्मानंतर दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने अशा लसी असतात. आखाजीच्या माहेरपणात एखादी तारीख येऊन जाते आणि मग सासरी गेल्यावर घेऊ म्हणून राहून जाते. कार्ड जवळ असले तर माहेरच्या गावीही ती लस फुकट मिळते. तारीख वाचा आणि आशाताईंना विचारा.

परत जाताना दुपारी निघावे लागते, कारण आई जेवल्याशिवाय सोडत नाही. पण दुपारी पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत ऊन समोरून येते, आणि सासरी पोहोचेपर्यंत ते हटत नाही. तेव्हा आदल्या रात्रीच पोळ्या बांधून घ्याव्या, आईची समजूत काढावी आणि पहाटेची पहिली गाडी धरावी.